सिरीयलच्या युनिटला जेवण द्यायचं काम घेतलं तेव्हाचे दहा महिने

शूटिंगच्या जेवणाला मेसिंग म्हणतात हे मला १८ जुलै २०२३ पर्यंत माहीत नव्हतं. मी डबे करायचे, शिवाजी विद्यापीठाच्या मागच्या बाजूला खोल्या करून राहणाऱ्या पोरांचे. एकेकाळी ८५ डबे होते, लॉकडाऊनला सगळी पोरं गावाला गेली आणि नंतर कसेबसे ३० डबे परत आले. त्यातच आमच्या गल्लीतला एक टेम्पोवाला, ज्याची गाडी एका सिरीयलच्या युनिटला लागलेली, तो संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "वहिनी, आमचा मेसिंगवाला सोडून चाललाय, ६० माणसांचं जमंल का तुम्हाला?"

सिरीयलचं नाव लिहीत नाही, प्रॉडक्शनचंही नाही, कारण पुढं पैशाच्या गोष्टी येणारेत. कोल्हापूरपासून १४ किलोमीटरवर एका गावातल्या जुन्या वाड्यात शूटिंग चालायचं, मधेमधे मोरेवाडीच्या चित्रनगरीत. हे सगळं लिहितेय कारण मला तेव्हा कुणीच काही सांगणारं नव्हतं, आणि आता कोल्हापूर, सातारा, वाई, सावंतवाडी सगळीकडं युनिटं येतात तर माझ्यासारख्या कुणाला तरी असा फोन येणार.

घरी विषय काढला तर सासरे एकदम सरसावून बसले. त्यांचे वडील जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम करायचे. आपल्याकडं बाबूराव पेंटरांनी १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथंच बनवला, खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ त्याचीच आठवण, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ असतं. सासरे मात्र नटांचं बोलत नाहीत, कामाचं बोलतात. प्रभात १९२९ ला इथं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली तेव्हा सुतार, रंगारी, शिंपी, टांगेवाले सगळ्यांच्या हातचं काम गेलं असं त्यांचे वडील सांगायचे म्हणे. "युनिट आलंय तर घे काम, पुन्हा येईल न येईल," एवढंच म्हणाले.

२४ जुलैला ट्रायल जेवण नेलं, २० माणसांचं. पावसाची झड लागलेली, टेम्पोच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं आणि मी आमटीच्या डब्यावर छत्री धरून बसलेले. प्रॉडक्शन मॅनेजरनी जेवण झाल्यावर विचारलं, "ताई, रेट काय?" मी घरून माणशी दिवसाला २४० ठरवून गेले होते. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, चहा धरलाय का? धरला नव्हता. सकाळचा नाष्टा, दुपारचं जेवण, पाचचं खाणं एवढंच डोक्यात होतं. सेटवर माणूस दिवसातून चार-पाच वेळा चहा पितो, ६० माणसांचे तीनशे कप होतात, नुसतं दूधच १४ लिटर लागतं. परत जाऊन २९० सांगितले, २८० ला तुटलं, मिनिमम ६० माणसं आणि रात्री नऊच्या पुढं शूटिंग गेलं तर डिनर वेगळं. तेव्हा रेट सांगायच्या आधी चहा धरा, टेम्पोचं भाडं धरा, डिस्पोजेबल धरा, आणि मिनिमम किती माणसांचे पैसे नक्की मिळणार ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

आता कागदपत्रं. इथं माझा जीव घाबरा झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडं डब्यांच्या वेळेचं एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचं, बेसिक रजिस्ट्रेशन होतं, वर्षाला १०० रुपयेवालं. मला वाटलं झालं. पण ते तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या धंद्यासाठी असायचं. २८० गुणिले ६० म्हणजे दिवसाचे १६,८००, महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,३६,८००, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच १२ लाख पार. मग स्टेट लायसन्स लागायचं, केटररला त्याची फी तेव्हा वर्षाला २,०००. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज केला २७ जुलैला. घर सासऱ्यांच्या नावावर म्हणून त्यांचं संमतिपत्र, घरफाळ्याची पावती, स्वयंपाकाच्या शेडचा साधा नकाशा (मुलानं पट्टी घेऊन काढला, चालला), कामाच्या बायकांची मेडिकल फिटनेस सर्टिफिकेटं. सगळं अपलोड करून बसले तर आठ दिवसांनी अर्ज परत, पाण्याचा तपासणी रिपोर्ट नाही म्हणून. आमचं बोअरचं पाणी. लॅबला सॅम्पल दिलं, रिपोर्टला सहा दिवस गेले. लायसन्स हातात आलं ४ सप्टेंबरला. काम ७ ऑगस्टलाच सुरू झालेलं, पण तोवर १२ लाखांच्या बरंच आत होते त्यामुळं जुन्या रजिस्ट्रेशनवर निभावलं. तुम्ही मात्र पाण्याचा रिपोर्ट आधी काढा आणि मग अर्ज भरा.

जीएसटी वेगळाच. सर्व्हिसला २० लाखांची मर्यादा, ती आम्ही ओलांडणार हे दिसतच होतं आणि प्रॉडक्शनच्या मुंबई ऑफिसनंही जीएसटी नंबर मागितला. सीएनी २,५०० घेतले, तसं रजिस्ट्रेशन फुकट असतं पण मला एकटीला जमलं नसतं. नंबर १८ ऑगस्टला आला. आम्ही ५ टक्के लावतो आणि सामानावरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तेलावर, सिलिंडरवर जो टॅक्स जातो तो गेलाच, रेट ठरवताना तोही धरायला लागतो. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं, सोपं निघालं, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर ऑनलाइन नुसती सूचना द्यावी लागायची. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सीएनीच आग्रहानं करून घेतलं, फुकट आहे, आधार आणि पॅनवर वीस मिनिटांत होतं. मी ते सर्टिफिकेट प्रिंट काढून फाइलला लावलं आणि विसरून गेले. त्याचं काय झालं ते पुढं सांगते.

आणि हो, घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा कमर्शिअलच घ्यावा लागतो.

७ ऑगस्ट, सोमवार. पहाटे साडेतीनला उठलो. सातचा कॉल म्हणजे साडेसहाला नाष्टा सेटवर पाहिजे. कांदेपोहे आणि उप्पीट नेलं. पहिल्या दिवशी मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल तर माणसं किती असतात ते. टीव्हीवर आपल्याला सहा-सात तोंडं दिसतात. ताट वाढायला उभी राहिले तर लाइटमन, कॅमेऱ्याची पोरं, साउंडवाला, मेकअप, हेअर, ड्रेसवाले, आर्टचे सुतार-रंगारी, स्पॉटदादा, जनरेटरचा माणूस, गाड्यांचे ड्रायव्हर, नुसती रांगच. त्यातले निम्मे मुंबईहून आलेले, निम्मे आपल्याच भागातले. जनरेटर इचलकरंजीचा. ड्रेस धुवायला जायचे ते आमच्या ओळखीच्याच एका लाँड्रीत, त्यांनी त्या कामावर एक माणूस वाढवला. वाड्यात बैलजोडी लागायची ती त्याच गावातल्या एका शेतकऱ्याची, बैलांचे दिवसाचे पैसे वेगळे आणि धरून उभं राहणाऱ्याचे वेगळे. गर्दीच्या सीनला गावातलीच माणसं, दिवसाचे ५०० आणि जेवण. वाड्याच्या मालकांना भाडं किती ते मी कधी विचारलं नाही, पण त्या पावसाळ्यात गळणारं अख्खं छप्पर त्यांनी दिवाळीआधी शाकारून घेतलं ते मी बघितलं. समोर एका बाईनं चहा-भज्याचा गाडा टाकला. शूटिंग बघायला येणाऱ्यांवर तिचा गाडा चालायचा, पूर्वी वसगड्यात एका सिरीयलचा वाडा बघायला एसट्या भरून लोक यायचे तसं काही इथं नव्हतं, पण शनिवार-रविवारी चाळीस-पन्नास माणसं हमखास.

माझ्याकडं चार बायका लागल्या. त्यातल्या एका आक्कांबद्दल लिहायलाच पाहिजे. आमच्या तीन गल्ल्या सोडून राहतात, वय ५८, घरकामं करायच्या, गुडघ्यामुळं फरशी पुसणं होत नव्हतं म्हणून दोन घरं सुटलेली. त्यांना भाकरीला घेतलं. तीन चुली मांडल्या, आक्का मधे पाटावर. परातीत पीठ पसरून गोळा ठेवायच्या आणि हाताच्या कडेनं थापत थापत तो असा गरगर फिरायचा की भाकरी आपोआप मोठी होतेय असं वाटायचं. मग दोन्ही हातांवर उचलून तव्यावर, वरून पाण्याचा हात, तेवढ्यात दुसऱ्या तव्यावरची उलटायची. साडेआठला बसायच्या आणि अकरा-साडेअकराला १५० भाकऱ्या कापडात. आधी ९० नेत होतो. मुंबईचे, युपी-बिहारचे लाइटमन सुरुवातीला चपातीच मागायचे, महिन्याभरात तेच येऊन म्हणायला लागले, "मौसी, वो ज्वारीवाली है क्या?" ते मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आक्कांनी दुसऱ्या दिवशी २० भाकऱ्या जास्त थापल्या, न सांगता.

पैशाचं. करारात लिहिलेलं, १५ दिवसांनी बिल, बिलानंतर ६० दिवसांत पेमेंट. ६० दिवस या शब्दाचा अर्थ मला सही करताना कळला नाही हे खरं आहे. पहिलं बिल ७ ते २१ ऑगस्टचं, दोन रविवार सोडून १३ दिवस, १५ ऑगस्टलाही झेंडावंदन करून शूटिंग होतं. २,१८,४०० अधिक जीएसटी १०,९२०. बिल दिलं २२ ऑगस्टला. त्यानंतर रोज १३ हजारांच्या वर खर्च आणि हातात शून्य. किराणा लक्ष्मीपुरीतून, तिथल्या दुकानदारांनी ओळखीवर महिन्याची उधारी दिली, दूध गंगावेशीतून, ते रोख. बायकांचा पगार दर शनिवारी, तो मी एकदाही चुकवला नाही, कारण त्यांच्या घरी चूल त्यावर होती. गणपती बसले १९ सप्टेंबरला आणि दुसऱ्या दिवशी २० तारीख, ऑगस्टचा जीएसटी भरायची शेवटची. पैसे आपल्याला मिळालेत का नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो, बिल केलं की टॅक्स भरायचा. १०,९२० रुपये मी गौरीच्या साड्यांना ठेवलेल्या पैशांतून भरले आणि त्या रात्री मला खरंच रडू आलं.

सप्टेंबर संपेपर्यंत साठवलेले १,८०,००० गेले. मग पाटल्या आणि मंगळसूत्राची वाटी ठेवून ३,४०,००० गोल्ड लोन घेतलं. माझ्या भावानं एक लाख दिला. उरलेलं सगळं दुकानदारांच्या उधारीवर. दसऱ्याच्या आधी मी फोन केला मुंबई ऑफिसला तर "चॅनलकडून आलं नाही", परत केला तर "अकाउंटवाले रजेवर", परत केला तर "पुढच्या मंगळवारी". आमचे हे म्हणाले, सोडून देऊ. पण सोडलं असतं तर आधीचं बिल कुठं मागायला जायचं? हिशोब काढला तर दिवाळीपर्यंत आमचे साडेनऊ लाखांच्या वर त्यात अडकलेले होते.

४ नोव्हेंबर, शनिवार. मी कपिलतीर्थ मार्केटमधे वांगी निवडत होते, मोबाइल वाजला. २,२७,१३६ जमा. मी तिथंच पिशवी खाली ठेवून तीन वेळा आकडा वाचला. मला वाटलं पैसे कापले, सीएला फोन केला तर ते म्हणाले बरोबर आहे, एक टक्का टीडीएस, जीएसटी सोडून मूळ रकमेवर, म्हणजे २,१८४ कापलेत, ते तुमच्या पॅनवर दिसतील आणि रिटर्नमधे धरले जातील. बिलाच्या तारखेपासून ७४ दिवस झाले होते. वसुबारस ९ तारखेला होती. दुकानदारांची निम्मी उधारी भागवली, आक्कांना आणि बाकीच्यांना बोनस म्हणून एकेक हजार दिले.

एक नुकसान झालं ते सांगते, दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून. डिसेंबरात जत्रेचा सीन होता, क्राउड आलं, ऐनवेळी ५२ ताटं जादा लागली. माझ्याकडं तांदूळ-डाळ होती, धावपळ करून केलं. पण व्हाउचरवर सही घ्यायची राहिली, ज्याच्या सांगण्यावरून केलं तो माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. दुपारचं नुसतं जेवण ११० प्रमाणं ५,७२० रुपये, बिलातून वजा केले. तेव्हापासून रोज दुपारी ताटं मोजायची, डायरीत आकडा, शेजारी प्रॉडक्शनच्या माणसाची सही आणि त्याचा फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर. सही मागायला लाज वाटते पहिल्यांदा, पण मागा, कुणी रागावत नाही, त्यांनाही वर हिशोब द्यायचाच असतो.

आता ते उद्यमचं. मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई ऑफिसमधून आपणहून फोन आला, पहिल्यांदाच. "मॅडम, तुमचं उद्यम आहे का? सर्टिफिकेट मेल करा." मी फाइल काढून दहा मिनिटांत पाठवलं आणि २८ मार्चला तीन बिलं एकदम जमा. मला काही उलगडेना, तेव्हा सीएनी समजावून सांगितलं. एमएसएमईच्या २००६ च्या कायद्यात आधीपासूनच आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायचे, म्हणजे माझ्या करारातले ६० दिवस कायद्यात बसतच नव्हते. आणि इन्कम टॅक्समधे ४३बी (एच) म्हणून नवीन कलम २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू झालं, त्यामुळं आमच्यासारख्यांचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चला थकीत राहिलं तर त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, त्यावर टॅक्स बसतो. म्हणून ती धावपळ. मी ऑगस्टपासून ते सर्टिफिकेट फाइलमधे ठेवून बसले होते आणि एकाही बिलावर उद्यम नंबर टाकला नव्हता! एप्रिलपासून बिलाच्या वरच ठळक टाकला, खाली "४५ दिवसांत देय" असं लिहिलं. ४५ दिवसांत आले असं नाही, पण ५० ते ५५ दिवसांत यायला लागले, आणि त्या वीसेक दिवसांच्या फरकात मला गोल्ड लोनमधले दीड लाख फेडता आले. एक लक्षात ठेवा, हे बनवणाऱ्यांना आणि सर्व्हिस देणाऱ्यांना लागू आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही. लक्ष्मीपुरीच्या दुकानदारांना मी हौसेनं सांगायला गेले तर त्यांच्या सीएनी त्यांना तेच सांगितलेलं. मला वाईट वाटलं, कारण माझ्या ६० माणसांची ताटं तीन महिने त्यांच्याच उधारीवर भरली होती.

८ जून २०२४ ला शेवटचा दिवस. पॅकअपनंतर पुरणपोळी केली होती, ती बिलात लावली नाही. निघताना प्रॉडक्शन मॅनेजरनी एक चांगलं केलं, आजवरचं किती येणं आहे त्याचा मेल ऑफिसकडून मला करून दिला. सिरीयल संपली की माणसं पांगतात, फोन उचलणारे दुसऱ्या प्रोजेक्टवर जातात, त्यामुळं असा मेल सेट सुटायच्या आत घ्यायचाच. शेवटच्या बिलाचे पैसे २ ऑगस्टला आले. दुसऱ्या दिवशी पाटल्या आणि वाटी सोडवून आणली. सगळं जाऊन ताटामागं ४०-४५ रुपये उरले, त्यातून व्याज गेलं, ५,७२० गेले. भावाचे पैसे दिले, शेडवर पत्रा नवीन टाकला, मुलाची डिप्लोमाची दोन वर्षांची फी भरली.

वाड्यासमोरचा भज्यांचा गाडा आता गावच्या एसटी स्टँडला लागतो. लाँड्रीतला जास्तीचा माणूस कमी केला, तो सध्या टेम्पोवर आहे. सासरे म्हणतात तसं, काम येतं आणि जातं. म्हणून मी ३० डबे दहा महिन्यांत एक दिवससुद्धा बंद ठेवले नाहीत, युनिट गेल्यावर घर त्याच्यावरच चाललं.

आता चित्रनगरीत एका पिक्चरचं युनिट येतंय, ४५ माणसं, ३० दिवस. करारात ४५ दिवस मी लिहून घेतलेत आणि सामानासाठी २० टक्के अॅडव्हान्स मागितला, १५ वर आलंय. काल आक्का विचारत होत्या, तिसरा तवा मधे पातळ झालाय, नवा घ्यायचा का. घेणार आहे, रविवारी.